घर पाहावे विचारून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांच्या काळी ते ठीक होते. गावात जागा असे, परसात विहीर असे, गवंडी-सुतार पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचे असत. आपण शहरातली माणसे घर बांधत नाही, विकत घेतो. आणि हे विकतचे घर आपल्याला ना त्याचा मालक दाखवतो, ना गवंडी. ते दाखवतो एक तिसराच माणूस. कोणी त्याला दलाल म्हणतात, कोणी एजंट. आणि गरज आपली असेल तेव्हा आपण त्याला ‘साहेब’सुद्धा म्हणतो! गंमत अशी, की लग्नाचे स्थळ आणणाऱ्या मध्यस्थाची आपण बारीक चौकशी करतो. पण जन्माची पुंजी ज्याच्या शब्दावर टाकायची, त्या गृहस्थाचे पूर्ण नाव विचारायचे मात्र आपल्याला सुचत नाही.

निदान १९९३ साली आमच्या घरी ते कोणाला सुचले नाही. ती हकीकत पुढे येईलच. आधी माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो.

जुना विद्यार्थी, नवी शिकवणी

२०२३ सालचा पावसाळा. रविवारची संध्याकाळ. डोंबिवलीत आम्ही भाड्याच्या घरात राहतो, आई, सौ., कन्या आणि मी. दार वाजले म्हणून उघडले, तर निथळती छत्री हातात धरून एक गृहस्थ उभे.

“सर, ओळखलंत का?”

ओळखायला जरा वेळ लागला. अठरा वर्षांपूर्वी बी. ए.च्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा आणि व्याकरणाच्या तासाला हमखास गैरहजर राहणारा मुलगा! आता पोट सुटले होते, कपाळ वाढले होते.

“काय करतोस हल्ली?” मी विचारले.

“जागांचं काम करतो, सर.”

“जागांचं म्हणजे?”

“एजंट आहे.” आणि मग जरा थांबून, “दलाल म्हणा हवं तर.”

आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येत होती. तो शब्द कानी पडताच ती तशीच मागे फिरली. पाणी शेवटी सौ.ने आणून दिले. माझ्या विद्यार्थ्याच्या ते लक्षात आले की नाही, कोण जाणे! त्याने पिशवीतून छापील पानांचा एक गठ्ठा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

“सर, या वयात परीक्षा द्यायची पाळी आलीय. नापास झालो तर धंदा बंद. मराठीतून देता येते, पण हे मराठी मला कळत नाही. शिकवाल का?”

मी पाने चाळली. प्रवर्तक, अभिकर्ता, चटई क्षेत्र, भोगवटा प्रमाणपत्र, अभिहस्तांतरण! पंधरा वर्षे घरे विकणारा हा माणूस, आणि त्याच्याच धंद्याचे शब्द त्याला परके.

“प्रवर्तक म्हणजे?” त्याने विचारले.

“तुझा बिल्डर.”

“आणि अभिकर्ता?”

“तो तू.”

“अरे बाप रे!” तो म्हणाला. “हे तर बढती मिळाल्यासारखंच झालं की, सर!”

परीक्षा कशासाठी?

दर रविवारी शिकवणी सुरू झाली. त्याला शिकवायचे म्हणून मला आधी शिकावे लागले. मास्तरांचे नेहमी असेच होते. जे कळले ते वाचकांनाही उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगतो.

महाराष्ट्रात सदनिकांच्या खरेदीविक्रीला कायदा नव्हता असे नाही. १९६३ साली महाराष्ट्राने मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा केला. किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतची आगाऊ रक्कम घ्यायची तरी बिल्डरने आधी लेखी करार करून तो नोंदवला पाहिजे, असे त्यात सांगितले होते. पण कायद्याचा सारा रोख बिल्डरवर. घर दाखवणारा, भाव ठरवणारा, गिऱ्हाइकाला हाताला धरून बिल्डरच्या कचेरीत नेणारा जो मधला माणूस, त्याने कोठे नाव नोंदवावे असे काही नव्हते. शाळेत पाट्या लिहायला येवोत न येवोत, कोणीही सकाळी उठावे आणि दुपारपर्यंत दलाल व्हावे!

२०१२ साली राज्याने गृहनिर्माणाच्या नियंत्रणासाठी वेगळा कायदा केला. तो नीट रुळण्यापूर्वीच २०१६ साली संसदेने साऱ्या देशासाठी स्थावर संपदेचा कायदा संमत केला आणि त्यातच राज्याचा कायदा रद्द ठरवला. हाच तो ‘रेरा’. २०१७ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, म्हणजे ‘महारेरा’, स्थापन झाले आणि १ मे २०१७ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, कायदा पूर्णपणे अमलात आला. वांद्रे-कुर्ला संकुलात या प्राधिकरणाची मुख्य कचेरी आहे.

अमेरिकेत हे काम फार जुने. कॅलिफोर्निया राज्याने १९१७ सालीच दलालांना परवाना सक्तीचा केला; तो कायदा न्यायालयात टिकला नाही, तेव्हा १९१९ साली पुन्हा केला. टेक्सास राज्यात १९४९ पासून यासाठी खास मंडळ आहे. त्याला तेथे ‘कमिशन’ म्हणतात. हे मी सांगितले तेव्हा माझा विद्यार्थी खो खो हसला. “सर, आपल्याकडे कमिशन म्हणजे दोन टक्के. ते घ्यायचं असतं, त्याला घाबरायचं नसतं!”

तर आता आपल्याकडेही नियम असा आहे: ज्या नव्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी करावी लागते, त्यातले घर विकून देणाऱ्या एजंटाची स्वतःचीही नोंदणी हवी. २०१७ च्या नियमांनी त्यासाठी एकट्या माणसाला १०,००० रुपये आणि कंपनी किंवा भागीदारी असेल तर १,००,००० रुपये शुल्क ठरवले. नोंदणी पाच वर्षांची, पुढे नूतनीकरण. नोंदणी झाली की क्रमांक मिळतो. प्रकल्पाचा क्रमांक ‘पी’ने सुरू होतो, एजंटाचा ‘ए’ने. नोंदणी नसलेला प्रकल्प त्याने विकायचा नाही, हिशेबाच्या वह्या ठेवायच्या, खोटी आश्वासने द्यायची नाहीत, गिऱ्हाइकाला सारी कागदपत्रे मिळवून द्यायची. चुकला तर दिवसाला १०,००० रुपये दंड. तो वाढत वाढत घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

सुरुवातीला शुल्क भरून अर्ज केला की काम भागत असे. पैसे भरणारा शहाणा आहे की नाही, हे कोणी पाहत नसे. म्हणून २०२३ च्या जानेवारीत महारेराने आदेश काढला की एजंटांनी २० तासांचे प्रशिक्षण घ्यावे, परीक्षा द्यावी आणि पात्रतेचे प्रमाणपत्र मिळवावे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पहिली परीक्षा झाली. ४२३ जण बसले, ४०५ उत्तीर्ण झाले. टेक्साससारख्या राज्यात नव्या एजंटाला १८० तास शिकावे लागते. त्या मानाने आपले २० तास म्हणजे बालवाडीच! पण बालवाडीशिवाय पुढची इयत्ता कोठून यायची?

शिकवणीत मला सर्वांत मौज वाटली ती ‘चटई क्षेत्रा’ची. घराच्या आतल्या भिंती धरून प्रत्यक्ष वापरायला मिळते ती जागा. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, गच्ची यांत येत नाहीत. नव्या कायद्यात घर विकायचे ते याच मोजमापावर.

“आणि पूर्वी तुम्ही काय मोजत होतात?” मी विचारले.

“पूर्वी काय सर,” तो प्रांजळपणे म्हणाला, “आम्ही जिन्यातली हवासुद्धा विकत होतो.”

१९९३ सालची पावती

तिसऱ्या की चौथ्या रविवारी आम्ही कलम ९ पाहत होतो. मी सांगत होतो, “हे नीट लक्षात ठेव. नोंदणी झालेल्या एजंटाने आपल्या हातून होणाऱ्या प्रत्येक विक्रीत स्वतःचा नोंदणी क्रमांक नमूद केला पाहिजे.”

आतून आईचा आवाज आला, “मग हा कायदा आधी का नाही केला?”

आम्ही दोघेही गप्प झालो. आई बाहेर येऊन खुर्चीवर बसली. इतक्या आठवड्यांत ती प्रथमच त्याच्यासमोर आली होती.

“सांग त्याला,” ती मला म्हणाली. “तुझ्या वडिलांचं सांग.”

तेव्हा आम्ही लालबागला चाळीत राहत असू. वडील एका खासगी कंपनीत कारकून. बदलापूरच्या बाजूला इमारत होणार आहे, असे सांगत एक दलाल आमच्या घरी येऊ लागला. गोड बोलायचा, आईला ‘वहिनी’ म्हणायचा, माझ्यासाठी गोळ्या आणायचा. नकाशा दाखवला, जागा दाखवली. जागेवर चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढले, आईने पाटल्या मोडल्या आणि ४०,००० रुपये विसार दिला. पावती मिळाली. पुढे दोन वर्षे वडील दर महिन्याला एका रविवारी बदलापूरला जाऊन येत. चुन्याच्या रेघा पावसाने धुतल्या, तेथे गवत वाढले. दलालाच्या दुकानात शेवटी झेरॉक्सवाला आला.

वडील पोलीस चौकीवर गेले तेव्हा मी त्यांच्याबरोबर होतो. अंमलदाराने विचारले, “त्या माणसाचं पूर्ण नाव?” वडिलांना ते ठाऊक नव्हते. सारी चाळ त्याला ‘शेठ’ म्हणत असे. “राहायला कुठे?” ठाऊक नव्हते. पावतीवर एक न लागणारी सही आणि एक पुसट शिक्का. दलालाचे नाव तीत कोठेच नव्हते. अंमलदार वाईट माणूस नव्हता. त्याने पावती उलटसुलट पाहिली आणि परत दिली. “मास्तर, शोधायचं कोणाला?” असे तो म्हणाला. वडील मास्तर नव्हते. पण त्यांचा चेहरा पाहून त्याला तसे वाटले असावे.

वडिलांनी तो विषय पुन्हा काढला नाही. शेवटपर्यंत ते भाड्याच्या घरात राहिले. पावती मात्र आईने अजून जपून ठेवली आहे.

माझ्या विद्यार्थ्याने मान खाली घातली होती. थोड्या वेळाने तो म्हणाला, “आजी, आमच्या धंद्यात असली माणसं अजूनही आहेत. खोटं कशाला बोलू?”

आई काही बोलली नाही. पण त्या दिवशी त्याला चहा तिने स्वतः करून दिला.

नंबर म्हणजे गंगाजल नव्हे

तो परीक्षा उत्तीर्ण झाला. पेढे घेऊन आला तेव्हा आईने त्याचे प्रमाणपत्र चष्मा लावून वाचले. पुढे २०२४ साली, प्रमाणपत्र न मिळवणाऱ्या सुमारे २०,००० एजंटांची नोंदणी महारेराने वर्षभरासाठी स्थगित केली, तेव्हा त्याला आपल्या रविवारांचे चीज झाल्यासारखे वाटले.

पण वाचकहो, क्रमांक असला म्हणजे सारे पवित्र झाले, असे कोणी समजू नये. याचा धडा आमच्या गावानेच दिला आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत ६५ इमारतींच्या बांधकाम परवानग्या बनावट निघाल्या आणि त्याच बनावट कागदांवर महारेराची नोंदणी मिळवली गेली होती. प्रकरण २०२२ साली गाजले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचे आदेश दिले. हजारो कुटुंबांच्या तोंडचे पाणी पळाले. कर्ज काढून, वास्तुशांत करून, दाराला तोरण बांधून राहिलेली आपल्यासारखीच माणसे! प्रकरण गाजल्यावर महारेराने अशा परवानग्या थेट स्थानिक संस्थांकडून पडताळून घ्यायला सुरुवात केली. पण ज्यांची घरे गुंतली त्यांना ती पडताळणी उशिराचीच.

कायद्याच्या मर्यादा आणखीही आहेत. जुन्या इमारतीतले घर एकाकडून दुसऱ्याने घेतले किंवा भाड्याने घर पाहिले, तर तेथल्या दलालाला ही नोंदणी लागू होत नाही. तक्रार ६० दिवसांत निकालात काढावी असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. पैसे व्याजासह परत देण्याचा आदेश झाला, तरी बिल्डर देत नसेल तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करावी लागते, आणि त्यात वर्षे जातात. तडजोडीची शक्यता असेल तर २०१८ पासून महारेराचा सलोखा मंच आहे. ग्राहकांच्या आणि बिल्डरांच्या संघटनांचे प्रतिनिधी तेथे एकत्र बसून वाद मिटवतात.

मग या नोंदणीचा उपयोग काय? माझ्या मते उपयोग एकच, पण मोठा. परवाना माणसाला सज्जन करीत नाही; तो त्याला सापडण्याजोगा करतो. ‘शोधायचं कोणाला?’ या प्रश्नाला आज उत्तर आहे. मात्र ते उत्तर आपण पैसे देण्यापूर्वी मागून घ्यावे लागते.

आमची परीक्षा

हे सारे शिकून-शिकवून झाल्यावर आमचीच परीक्षा झाली, ती २०२५ च्या गुढीपाडव्याच्या सुमारास. सौ.च्या एका मैत्रिणीने एका एजंटाचे नाव सुचवले. नवी इमारत, स्टेशनपासून पंधरा मिनिटे, आणि चालू भावापेक्षा सात लाखांनी स्वस्त! “अजून जाहिरात झालेली नाही, घरच्यांसाठीच आहे,” असे तो म्हणाला. पाडव्याच्या मुहूर्तावर दोन लाख रुपये द्यायचे, बाकीचे मागाहून. कन्येने खिडकीजवळची खोली मनाने घेऊनही टाकली. खरे सांगतो, मलाही मोह झाला. प्राध्यापकाच्या पगारात सात लाख म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

मी माझ्या विद्यार्थ्याला फोन केला. त्याने पहिला प्रश्न केला, “सर, प्रकल्पाचा नंबर?”

“यायचाय म्हणे. अर्ज केलाय.”

“मग तो आल्यावरच पैसे. नोंदणीआधी जाहिरात करायची नाही, बुकिंग घ्यायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. आणि त्या एजंटाचा स्वतःचा नंबर?”

तो मी विचारलाच नव्हता! दोन महिने कलमे घोकून घेणारा मी, आणि भाव ऐकून माझीच पाटी कोरी झाली होती. “ती जागा मला माहीत आहे, सर,” तो पुढे म्हणाला. “मलाही विकायला सांगितलं होतं. नंबर आल्याशिवाय दाखवत नाही म्हणालो. कमिशन गेलं, पण परवाना राहिला.”

दुसऱ्या दिवशी एजंट घरी आला. मी घसा साफ करीत होतो, एवढ्यात आईनेच विचारले, “तुमचं पूर्ण नाव काय? आणि तो ‘ए’चा नंबर काय?”

तो हसला. “आजी, आपलं काम विश्वासावर चालतं.”

“आमचंही एकदा तसंच चाललं होतं,” आई म्हणाली, आणि उठून आत गेली.

आम्ही पैसे दिले नाहीत. त्या इमारतीला पुढे नोंदणी मिळेल, ती उभीही राहील आणि आमचे सात लाख हुकले असेही ठरेल. सौ. मला ते अधूनमधून ऐकवते. घर अजून घेतलेले नाही. पाहणे चालू आहे.

तेव्हा या दिवाळीत ज्यांच्या घरी ‘घर पाहायचे’ म्हणून बोलणी चालली असतील, त्यांना एवढेच सांगणे. प्रकल्पाचा ‘पी’चा आणि एजंटाचा ‘ए’चा, असे दोन्ही क्रमांक लिहून घ्या आणि महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः ताडून पाहा. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे. तो मोबाइलवर पाहिला की प्रकल्पाची माहिती उघडते. इमारत कधी पुरी होणार, किती घरे विकली गेली, कोर्टकज्जे आहेत का, हे तेथे असते आणि बिल्डरने ते दर तीन महिन्यांनी ताजे करायचे असते. बांधकामाची परवानगी मात्र महापालिकेतही विचारा. आम्हा डोंबिवलीकरांचे हे कळकळीचे सांगणे आहे. नोंदवलेल्या साठेखताशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक एक रुपयाही देऊ नका. आणि चौकशी केल्यावर ज्याला राग येतो, त्याच्याकडून घर घेऊ नका.

आईच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर आता दोन ओळी आहेत: माझ्या विद्यार्थ्याचे पूर्ण नाव आणि त्याचा नोंदणी क्रमांक. त्याच पानात ती १९९३ सालची पावती घडी करून ठेवलेली आहे.